गेल्या असत्या तरी सोनं झालं असतं?



आज रेसिपी नाही, पर्वाची तयारीही नाही. आज भांडायचंय. कुणा एकाशी नाही, आपल्या सगळ्यांशी, आणि त्यात मीही आले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आत्या, वय एकाहत्तर, डिसेंबरात बसयात्रेबरोबर शिखरजीला गेल्या होत्या. उतरताना चक्कर येऊन पडल्या. साखर इतकी खाली गेली होती की स्वतःचं नाव सांगता येईना. तीन दिवस परमुलखातल्या दवाखान्यात सलाईनवर काढले. घरी आल्यावर भेटायला गल्लीतल्या बायका आल्या. चहा झाला, हळहळ झाली, आणि एक काकू सहज म्हणाल्या, "सुटल्या बाई! पण तिथं गेल्या असत्या तरी सोनंच झालं असतं की. सिद्धक्षेत्रावर मरण, कुणाच्या नशिबात असतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याबाईंनीसुद्धा. माझ्या हातातला चहाचा ट्रे थरथरला. त्या वाक्याला मी उत्तर दिलं नाही, म्हणून आज देतेय.

आपल्याकडे यात्रेत म्हातारं माणूस पडलं तर आपण नशीब म्हणतो, गेलं तर भाग्य म्हणतो. कारण मात्र कुणी विचारत नाही. मी विचारलं. आत्याबाईंना समोर बसवून त्या दोन दिवसांचा तासातासाचा हिशोब कागदावर मांडला. तो असा.

आदल्या दिवशी सकाळी अकराला वाटेत जेवण. बस मधुबनला पोचायची होती दुपारी तीनला, पोचली संध्याकाळी साडेसातला. आत्याबाईंचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. झारखंड कितीतरी पूर्वेला, तिथे पाचच्या सुमारासच मावळतो. घरच्या घड्याळाच्या सवयीने आत्याबाई "अजून तास आहे" म्हणून बसमध्ये बसून राहिल्या आणि खिडकीबाहेर अंधार पडला. पाण्याची बाटली हातात होती, तीही राहिली. रात्री अडीचला डोंगर चढायला सुरुवात. वर काही खायचं नाही हा त्यांचा नेम. सकाळी सात वाजता मात्र पदराच्या गाठीची साखरेची गोळी त्यांनी घोटभर पाण्याबरोबर घेतली, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही. दुपारी एकला त्या पडल्या.

मोजा. अन्नाविना सव्वीस तास. पाण्याविना वीस तास, त्यात एक घोट. आणि रिकाम्या पोटी साखर उतरवणारी गोळी. नशिबाचा यात काय संबंध? घरी स्वयंपाकघरात बसून कुणी हेच केलं असतं तरी पडलं असतं.

आता कुणी म्हणेल, बघा, चौविहाराचा अट्टाहास. थांबा. चौविहार आत्याबाई चाळीस वर्षं पाळतायत, कधी चक्कर आली नाही. कारण घरी त्या साडेपाचला जेवतात, पोटभर पाणी पितात, आठला झोपतात. नियम नीट होता, वेळापत्रक वाईट होतं. नऊ दिवसांत अकरा क्षेत्रं! पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेलं, आणि आपण ते कौतुकाने एकमेकींना पाठवलेलं. सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचवायची जबाबदारी त्या पत्रिकेत कुठेच नव्हती. व्रती माणसांची यात्रा काढायची आणि सूर्यास्ताची वेळ पाहायची नाही, याला काय म्हणायचं? पडल्यावरची गोष्ट तर सांगवत नाही. संध्याकाळी सहाला बस पुढच्या क्षेत्राला निघून गेली. "बाकीच्या चाळीस जणांचं दर्शन कसं बुडवायचं?" आत्याबाईंजवळ एक सोबतीण मागे राहिली, तीही अडुसष्ट वर्षांची.

मी नाव घेत नाही, कारण एका आयोजकाचा हा प्रश्न नाही. दहा क्षेत्रांची बस आणि सहा क्षेत्रांची बस शेजारी उभी केली तर आपण कुठली निवडतो? "त्याच पैशात चार जास्त होतात" असं म्हणणाऱ्या आपणच. भाजीच्या बाजारातला हिशोब आपण दर्शनाला लावतो, मग आयोजक तसाच माल आणतो.

आणि आपण घरची माणसं? माझंच सांगते. आत्याबाईंची बॅग मी भरली. अभिषेकाला तीन साड्या, पूजेचं साहित्य, लाह्यांचा डबा सगळं आठवणीने दिलं. औषधांची पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेत तळाला घातली. ती बॅग बसच्या डिकीत गेली. त्या पडल्या तेव्हा त्यांना कसली औषधं चालू आहेत हे डोंगरावर कुणालाच माहीत नव्हतं. निघताना मी पाया पडून म्हणाले, "बिनघोर जाऊन या." खरं सांगू? बिनघोर मी होते. नऊ दिवस वेगळं जेवण नाही, साडेपाचची घाई नाही. म्हाताऱ्या माणसांना यात्रेला पाठवण्यात भक्ती असते तशी थोडी सुट्टीही असते. ती मान्य करू या, म्हणजे निदान बॅग तरी नीट भरली जाईल.

आता त्या सोन्याच्या मरणाबद्दल.

आपल्या धर्मात मरणाला मान आहे, पण कुठल्या? कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, छत्तीस दिवसांची. का घेतली? दृष्टी अधू झाली, पायाखालचा जीव दिसेना, अहिंसा पाळता येईना म्हणून. शुद्धीत, विचार करून, सगळ्यांची क्षमा मागून, कषाय उतरवत नेत. त्याला समाधिमरण म्हणतात. साखर उतरून, नाव विसरून, पायरीवर डोकं आपटून येतं ते समाधिमरण नाही. तो अपघात आहे, आणि टाळता येण्याजोगा असेल तर आपल्या सगळ्यांचा प्रमाद आहे. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच मूळ धरलंय. मुंगीसाठी पाणी गाळणाऱ्या आपण. आत्याबाईंचा जीव मुंगीपेक्षा हलका कसा झाला?

"श्रद्धा असली की चढता येतं," हे दुसरं वाक्य. आमच्या आजीनं ऐंशीव्या वर्षी चालत वंदना केली, असं प्रत्येक घरात कुणीतरी असतं. असेलही. पण ती आजी आयुष्यभर शेतावर चालत गेलेली होती, आणि यात्रेला गेली की पंधरा-वीस दिवस राहून यायची. चार दिवस विसावा घेऊन मग डोंगर चढायची. आपण तिची श्रद्धा घेतो, तिचे पाय आणि तिचा वेळ घेत नाही. शिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटरची फेरी आणि नऊ किलोमीटर उतार, मिळून सत्तावीस किलोमीटर. घरात जिना चढताना कठडा धरणाऱ्या माणसाला आदल्या रात्री बसमधून उतरवून हे करायला लावणं ही श्रद्धेची परीक्षा नाही.

सोळाकारण भावना आपण दरवर्षी म्हणतो. त्यातल्या दोन आठवा: शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. तीर्थंकर प्रकृतीचा बंध करणाऱ्या भावनांमध्येही "शक्तीप्रमाणे" हा शब्द आहे, आणि आपल्या यात्रेच्या पत्रिकेत नाही! शक्तीबाहेरचं तप करून खाली आल्यावर "मी चालत केली, डोली घेतली नाही" असं चारचौघींत सांगण्यात निर्जरा किती आणि मान कषाय किती, ते ज्याचं त्यानं पाहावं.

रात्री अडीचला निघण्याचंही तेच. आपले मुनिमहाराज अंधारात पाऊल टाकत नाहीत. ईर्यासमिती म्हणजे उजेडात, चार हात पुढची जमीन बघत चालणं. आणि मोतीबिंदू झालेल्या आपल्या आया-आत्या टॉर्चच्या नाचऱ्या उजेडात, साडीचा घोळ सावरत, दगडावर पाय चाचपडत जातात. तरण्या माणसानं चालत सगळी फेरी एका दिवसात आटपायची म्हणून लवकर निघणं मी समजू शकते. पण सत्तरीच्या माणसाला डोलीनं फटफटल्यावर निघता येतं. फक्त त्याच संध्याकाळी बस सुटायला नको.

डोलीबद्दल काहींचा खरा संकोच असतो. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला कसं जाऊ?" या संकोचाचा मला आदर आहे. ज्यांना तो आहे त्यांनी मधुबनातल्या मंदिरांत बसून भाववंदना करावी, जमेल तेवढंच चढून परतावं. पण संकोच नाही, नुसतीच लाज आहे, तर डोली घ्यावी. वजन पाहून दर सांगतात तो आधी ठरवावा, घासाघीस करू नये, वाटेत त्यांना विसावा द्यावा. देवासाठी खर्च करायला निघालोय आणि उचलणाऱ्याच्या मजुरीत शंभर रुपये वाचवायचे, हे मला तरी जमत नाही.

बरं, नुसती तक्रार करून उठायचं नाही. आत्याबाई पडल्यानंतर मी ज्या गोष्टी शिकले त्या सांगते. पत्रिका हातात आली की नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारा.

रोज मुक्कामी किती वाजता पोचणार आणि त्या गावी सूर्य किती वाजता मावळतो? उशीर झाला तर वाटेत सूर्यास्ताआधी जेवणासाठी बस थांबणार का? डोंगराच्या आदल्या दिवशी पूर्ण विसावा आहे का, आणि उतरल्यावर तिथेच मुक्काम आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का? कुणी आजारी पडलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार, नाव सांगा. "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर आलं तर ती यात्रा आपली नव्हे, मग क्षेत्रं पंधरा असोत.

रेल्वेनं जात असाल तर ही गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा पुरुषांना साठाव्या वर्षापासून आणि बायकांना पंचेचाळीसाव्या वर्षापासून मिळतो. पण तिकिटावर एकटं माणूस किंवा या वयात बसणारी दोनच माणसं असतील तर. गटाचं सहा जणांचं एक तिकीट काढलं की हा कोटा गेला, आणि आजी वरच्या बर्थकडे बघत उभ्या. म्हणून दोघा-दोघांची वेगळी तिकिटं काढा. आत्या एकाहत्तर, मी एकोणपन्नास, आम्ही दोघी एका तिकिटावर चालतो. गाडीत काही अडचण आली तर १३९, कुठेही मदत लागली तर ११२.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, परतीच्या दिवसापेक्षा चार दिवसांची जास्त. दुसरा संच सोबतच्या माणसाकडे. आजार, औषधांची नावं, कशाची ॲलर्जी, घरचे दोन फोन नंबर एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून गळ्यातल्या पाकिटात. मोबाईलमध्ये सगळं आहे म्हणू नका. मोबाईलला कुलूप असतं, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला तो आकडा आठवत नाही. सत्तर वर्षांवरच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतंय, ते काढलं असेल तर तेही सोबत.

साखरेचा आणि रक्तदाबाचा माणूस उपास करून चढणार असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा: त्या दिवशी गोळीचं काय करायचं? न खाता काही गोळ्या आणि इन्सुलिन धोक्याचं होतं. लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाणी न पिता घेतल्या की अंगातलं पाणी आणखी उतरतं. गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही. आणि नियम घ्यायचा तो महाराजांना किंवा माताजींना प्रकृती खरी सांगून, सूट आधीच बोलून घ्यायची: "चक्कर आली तर खाईन." आधी बोललेली सूट म्हणजे व्रतभंग नव्हे. प्रकृती लपवून घेतलेल्या नियमात सत्य आधीच मोडलेलं असतं.

पाण्याचं आपल्या बायकांचं एक गुपित आहे. वाटेत संडासाची सोय नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही. शोधाचं खाणाऱ्यांना बाहेरचं पाणी चालत नाही हे वर. परिणाम एकच, लघवीची जळजळ, ताप, आणि म्हाताऱ्या माणसांत कधीकधी भ्रम. उकळलेल्या पाण्याची मर्यादा चोवीस तास असते. छोटी विजेची किटली, गाळणं आणि स्टीलचा थर्मास सोबत ठेवला तर रोज सकाळी दिवसभराचं पाणी होतं. चौविहारवाल्यांनी पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, सूर्यास्ताच्या पाच मिनिटं आधी तांब्याभर घटाघटा नव्हे. दर दोन तासांनी बस थांबवायला सांगायची. लाजायचं नाही. पायही मोकळे होतात, तासन्‌तास लोंबकळत ठेवले की सुजतात, रक्त साकळू शकतं. खायला राजगिऱ्याचे लाडू, दशमी, खाकरे आपल्या मर्यादेत बसतील तेवढे.

जागा आणि ऋतूही बघायला हवा. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात. उन्हाळ्यात दहानंतर तो खडक तव्यासारखा तापतो, सकाळी लवकर जा, मोजे न्या. गिरनारला २०२० पासून रोपवे आहे, पण तो अंबाजीपर्यंत जातो. आपली मंदिरं त्याच्या खाली राहतात आणि पाचवी टोंक कितीतरी पुढे, तेव्हा "रोपवे आहे म्हणजे झालं" असं समजू नका. शिखरजीला थंडीत पहाटे वर कडाक्याचा गारठा असतो, स्वेटर-कानटोपी हवीच, आणि पायांत चामड्याचं नको, पकड असलेले कापडी बूट. गुडघे चढताना नाही, उतरताना जातात. हातात काठी हवी. रात्री धर्मशाळेच्या ओल्या न्हाणीत पडणारी माणसं डोंगरावर पडणाऱ्यांइतकीच असतील, म्हणून उशाशी टॉर्च आणि पायात न घसरणारी चप्पल.

शेवटचं. आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहे. कुठवर जायचं याची हद्द आपणच आखून घ्यायची. प्रवासाला मर्यादा घालणं हेच आपल्याकडे व्रत मानलंय. मग यात्रेचीच तेवढी हद्द नको का? एक क्षेत्र, चार दिवस, निवांत अभिषेक, सामायिक, स्वाध्याय, सूर्यास्ताआधी जेवण. अकरा ठिकाणी चप्पल काढून घालण्यापेक्षा हे कमी पुण्याचं आहे असं कुणी कुठल्या शास्त्रात दाखवलं तर मी हा लेख मागे घेईन.

आत्याबाईंना पुन्हा शिखरजीला जायचंय. घरात सगळे नको म्हणतात. मी हो म्हटलंय. पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दोघीच, एका तिकिटावर, मधुबनात पाच दिवस. दोन दिवस खालची मंदिरं, तिसऱ्या दिवशी डोली, चौथ्या-पाचव्या दिवशी विसावा. डॉक्टरांचा कागद तयार आहे. औषधांची पिशवी या वेळी माझ्या खांद्याला असेल.

आणि त्या काकूंना उत्तर: नाही काकू, सोनं झालं नसतं. आम्ही हिशोब न मागता त्यांना जाऊ दिलं, एवढंच झालं असतं.

तुमच्या घरातून कुणी यात्रेला निघालं असेल तर आज त्यांची बॅग उघडून बघा. औषधं तळाला आहेत की वर?

जय जिनेंद्र.